टीव्हीसमोरचे अश्रू

पत्राचा सारांश: मी वसई तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावात राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. आता निवृत्त आहे. गेल्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, माझी पत्नी दीर्घ आजाराने वारली. मयताच्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आले नाही. महिनाभराने पोप फ्रान्सिस यांचा अंत्यविधी टीव्हीवर पाहताना मात्र मी हुंदके देऊन रडलो. त्यानंतर पहलगाम, अहमदाबादचे विमान, विरारची इमारत असे सगळे पाहतच राहिलो. आता सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत बातम्या चालू असतात. रविवारची मिस्साही, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासनाही, मी टीव्हीवरच पाहतो, कारण चर्चमधल्या आमच्या बाकावर एकट्याने बसवत नाही. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही दोघे याच टीव्हीसमोर बसून मिस्सा ऐकत असू. मुलगी रागावते. ओळखीचे लोक म्हणतात की ही शेवटच्या काळाची चिन्हे आहेत, देवाची शिक्षा आहे. पत्नीसाठी न रडता मी परक्यांसाठी रडलो, म्हणजे माझे मन दगडाचे झाले आहे का? एवढ्या मरणांत देव कुठे आहे? आणि टीव्हीवरची मिस्सा चालते का?

उत्तर:

आदरणीय गुरुजी,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत. पण तुमची झोप उडवणारा प्रश्न पहिलाच आहे असे पत्र वाचताना मला जाणवले, म्हणून उत्तराला तिथूनच सुरुवात करतो.

आपल्या गावांत मयताच्या दिवशी घरच्या कर्त्या माणसाला शोक करायला सवडच मिळत नाही. डॉक्टरांचा दाखला आणायचा, चर्चच्या कार्यालयात जाऊन विधीची वेळ ठरवायची, शवपेटीचे पाहायचे, अर्नाळ्याच्या आणि उत्तनच्या नातलगांना कळवायचे, कोणाला स्टेशनवरून आणायला माणूस पाठवायचा, आलेल्या प्रत्येकाला हात जोडायचे आणि तिच्या शेवटच्या दिवसांची हकिकत तेवढ्याच वेळा पुन्हा सांगायची. त्या दिवशी तुम्ही पती होतात, पण त्याहून अधिक यजमान होतात. २६ एप्रिल २०२५ च्या शनिवारी दुपारी दीड वाजता रोमहून प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा तुमच्यावर कसलीच जबाबदारी नव्हती. पत्नीच्या विधीत जी संतांची लितानी, म्हणजे संतांची नावे घेऊन केलेली विनवणी, तुमच्या कानांवरून गेली असेल, पण मनापर्यंत पोहोचली नसेल, ती तुम्ही त्या दुपारी पहिल्यांदा शांतपणे ऐकलीत. पवित्र पाणी, धूप, चिरशांतीची प्रार्थना हे सारे तेच होते. पोपसाठी आणि वसईतल्या एका शिक्षकाच्या पत्नीसाठी ख्रिस्तसभेची, म्हणजे चर्च या संस्थेची, मूळ प्रार्थना एकच आहे, आणि फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये पोपच्या अंत्यविधीचे नियम बदलून ते साम्य आणखी उघड केले. पूर्वीच्या एकात एक बसवलेल्या तीन पेट्यांऐवजी आतून जस्ताचे अस्तर असलेली एकच लाकडी पेटी त्यांनी पुरेशी मानली, कारण हा जगातल्या एखाद्या सत्ताधीशाचा नव्हे, तर ख्रिस्ताच्या एका शिष्याचा निरोप असावा अशी त्यांची इच्छा होती. अशा विधीसमोर तुमचा बांध फुटला, तर ते अश्रू परक्यासाठी होते असे मला वाटत नाही. ते तुमच्या पत्नीचेच होते. फक्त उशिरा आले.

उशिराबद्दल स्वतःला दोष देऊ नका. योहानकृत शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय तुम्हाला पाठ असेल, तरी आता तो पुन्हा वाचा. आपला मित्र लाजर आजारी असल्याचा निरोप मिळाल्यावरही येशू दोन दिवस होता तिथेच राहिला. लाजर मरण पावला आहे हे त्याने शिष्यांना स्वतः सांगितले, आणि ते सांगताना तो रडल्याचे शुभवर्तमानकार लिहीत नाही. बेथानीला पोहोचेपर्यंत लाजराला कबरेत चार दिवस झाले होते. लाजराची बहीण मार्था हिच्याशी बोलताना, तिला पुनरुत्थानाचे वचन देतानाही येशूच्या डोळ्यांत पाणी आल्याची नोंद नाही. दुसरी बहीण मरिया हिला आणि तिच्याबरोबर आलेल्या लोकांना रडताना पाहून तो व्याकूळ झाला, त्याला कुठे ठेवले आहे असे त्याने विचारले, ‘येऊन पाहा’ असे उत्तर मिळाले, आणि मग येशू रडला. मित्राच्या मरणाची बातमी आधीपासून ठाऊक असलेल्या प्रभूलाही अश्रू आले ते दुसऱ्यांचे अश्रू पाहिल्यावर. सेंट पीटर्स चौकातील लोकांना रडताना पाहून तुम्हाला रडू फुटले असेल, तर त्यात लाज वाटण्यासारखे काय आहे?

मात्र याच अध्यायातील एका गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधतो. येशू रडला तो कबरेकडे निघालेला असताना. तुम्ही त्या दुपारनंतर खुर्चीतच राहिलात, आणि तिथून पुढची अडचण सुरू झाली. पोपच्या निधनाच्या दुसऱ्याच दिवशी, २२ एप्रिलला, पहलगामला २६ जणांची हत्या झाली. त्यांतले तिघे डोंबिवलीचे, म्हणजे आपल्यापासून लोकलने जाण्याच्या अंतरावरचे. १२ जूनला अहमदाबादहून लंडनकडे निघालेले विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि विमानातील २४१ व जमिनीवरील १९ अशी २६० माणसे गेली. या मृत्यूंविषयी कळवळा वाटणे हे तुमचे हृदय जिवंत असल्याचे लक्षण आहे. परंतु वृत्तवाहिनीवर एकच दृश्य दिवसभर पुन्हा पुन्हा येते, मध्ये साबणाची जाहिरात लागते, चार माणसे चढ्या आवाजात भांडतात आणि परत तेच दृश्य येते. त्या मृताचे नाव, त्याची आई, त्याच्या घरातील पुढचा महिना यांपैकी काहीही तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून दुःख आत साचत जाते आणि त्यातून कोणतेही कृत्य घडत नाही. कृत्य न घडणारे दुःख माणसाला हळूहळू निराश करते, आणि ती निराशा तुमच्या पत्राच्या शेवटच्या भागात मला दिसली.

ज्यांच्यासाठी तुम्ही रडलात, त्यांचेच उदाहरण इथे उपयोगी पडेल. पोप फ्रान्सिस टीव्ही पाहत नसत. १५ जुलै १९९० रोजी कार्मेल माउलीला (मरियामातेला) दिलेल्या वचनामुळे आपण तेव्हापासून टीव्ही पाहिलेला नाही, असे त्यांनी २०१५ मध्ये अर्जेंटिनातील एका वृत्तपत्राला सांगितले होते. सॅन लोरेन्झो या आपल्या आवडत्या फुटबॉल संघाचे निकालसुद्धा त्यांना पोपच्या रक्षकदलातील एका स्विस गार्डकडून समजत. असा माणूस जगापासून तुटलेला असेल असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०२३ पासून ते जवळजवळ रोज संध्याकाळी गाझातील होली फॅमिली चर्चला फोन करीत. तिथल्या धर्मगुरूंना आणि चर्चच्या आवारात आसरा घेतलेल्या लोकांना ते विचारत, आज काय जेवलात? स्वतः न्यूमोनियाने रुग्णालयात असतानाही त्यांनी हा परिपाठ सोडला नाही. युद्धाची सर्व दृश्ये पाहणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना त्या आवारातल्या एकाही माणसाचे जेवण ठाऊक होते? त्यांना ते ठाऊक होते. दूरच्या मृत्यूंबद्दल आपले कर्तव्य काय, या प्रश्नाला माझ्याजवळ याहून चांगले उत्तर नाही. सगळ्यांचे सगळे पाहत राहण्यापेक्षा एका ठिकाणच्या माणसांची नावानिशी आणि नेमाने विचारपूस करावी.

अंत्यविधीच्या दिवशीची आणखी एक गोष्ट कदाचित तुमच्या नजरेतून निसटली असेल. चौकातील मिस्सा साऱ्या जगाने पाहिली. पेटी रोमच्या रस्त्यांवरून सांता मारिया माज्जोरे या चर्चपर्यंत जाताना पाहिली. तिथल्या पायऱ्यांवर हातांत पांढरी गुलाबाची फुले घेतलेली गरीब, कैदी आणि स्थलांतरित माणसे उभी होती, तीही पाहिली. परंतु प्रत्यक्ष दफनविधी खासगी होता आणि त्याचे प्रक्षेपण झाले नाही. मला ती मर्यादा फार योग्य वाटते. मृत्यूचा काही भाग केवळ जवळच्या माणसांचा असतो, आणि तुमच्या बाबतीत तो भाग तुमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, दफनभूमीत आहे, जिथे तुम्ही मयताच्या दिवसानंतर गेल्याचा उल्लेख पत्रात नाही.

आता देव कुठे आहे, या प्रश्नाकडे वळतो. ‘देवाची शिक्षा’ म्हणणाऱ्यांना मी ठामपणे चूक मानतो, आणि त्यासाठी माझ्या मतापेक्षा मोठा आधार आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात लोक येशूकडे त्या दिवसांतली ताजी बातमी घेऊन येतात: पिलाताने काही गालीलकरांना ठार मारून त्यांचे रक्त त्यांच्याच यज्ञबळींत मिसळले होते. येशू त्यांना दुसरी घटना आठवून देतो. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे दगावली होती. ती माणसे यरुशलेमेतल्या इतर सर्वांपेक्षा अधिक पापी होती असे तुम्हाला वाटते काय, असे तो विचारतो आणि स्वतःच स्पष्ट ‘नाही’ म्हणतो. एक हत्याकांड आणि एक कोसळलेली वास्तू, या दोन्ही घटना आपण २०२५ मध्ये पाहिल्या. २६ ऑगस्टच्या मध्यरात्री विरारला चार मजली इमारतीचा भाग कोसळून १७ माणसे गेली, तेव्हा मला तोच अध्याय आठवला. ती माणसे पापामुळे मेली नाहीत. ती इमारत अनधिकृत होती, आणि अशा इमारतीत माणसांना राहावे लागते याची जबाबदारी माणसांवर आहे. ती देवाच्या माथी मारणे हा दोषी माणसांना वाचवण्याचा एक प्रकार ठरतो. येशू पुढे आपल्या श्रोत्यांना पश्चात्ताप करायला सांगतो, म्हणजे मेलेल्यांचा हिशेब मांडायचे सोडून जिवंतांना आपल्या जगण्याकडे पाहायला लावतो. बायबलमधील ज्ञानग्रंथाच्या पहिल्या अध्यायातही, देवाने मृत्यू निर्माण केला नाही आणि जिवंतांच्या नाशात त्याला आनंद नाही, असे स्वच्छ लिहिले आहे. अहमदाबादच्या विमानातून एकजण वाचला म्हणून ‘देवाने त्याला वाचवले’ असे लोक सहज बोलून जातात. पण त्याचा सख्खा भाऊ त्याच विमानात गेला, आणि त्याच्यासमोर हे वाक्य कोणत्या तोंडाने उच्चारायचे? देवाने याला का ठेवले आणि त्याला का नेले, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. ख्रिस्तसभाही असे उत्तर देण्याचा दावा करीत नाही. वधस्तंभावर देवाच्या पुत्रानेच ‘का’ विचारले, आणि त्या घटकेला त्याला आकाशातून उत्तर मिळाल्याचे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. तुमचा प्रश्न श्रद्धेच्या बाहेरचा नाही एवढे मात्र मी निश्चित सांगू शकतो.

शेवटच्या काळाच्या चिन्हांबद्दल फार लिहीत नाही. पोप गेल्यावर व्हॉट्सअॅपवर फिरलेली ‘पोपांची भविष्यवाणी’ तुमच्याकडेही आली असेल. बाराव्या शतकातील आयरिश संत मॅलाकी यांच्या नावाने सांगितली जाणारी ती यादी प्रथम १५९५ मध्ये छापली गेली, आणि १५९० पर्यंतच्या पोपांबद्दल अचूक असलेली तिची वर्णने त्यानंतर एकाएकी धूसर होतात, यावरून अभ्यासक ती बनावट मानतात. ८ मे रोजी पोप लिओ चौदावे निवडले गेले आणि ख्रिस्तसभेचे काम चालू राहिले. तो दिवस आणि ती घटका पित्याखेरीज कोणालाही ठाऊक नाही, असे प्रभूने सांगितले असताना आपण फॉरवर्ड केलेल्या संदेशांवरून तारखा का काढाव्यात?

टीव्हीवरच्या मिस्सेचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्याचे नियमाचे उत्तर सोपे आहे आणि तुमच्या मनातले उत्तर तसे नाही. नियम असा की आजारपणामुळे किंवा दुसऱ्या गंभीर कारणामुळे ज्याला चर्चला जाणे शक्य नाही, तो रविवारी मिस्सेला हजर राहण्याच्या बंधनातून मुळातच मुक्त आहे. त्याने प्रार्थनेत वेळ घालवावा असे ख्रिस्तसभा सांगते, आणि अशा माणसाला टीव्हीवरची मिस्सा फार मोठा आधार देते. जो चालत बाजारात जाऊ शकतो, त्याच्यासाठी ती प्रत्यक्ष उपस्थितीची जागा घेत नाही. असिसीच्या संत क्लारा यांना टीव्हीच्या आश्रयदात्या संत मानण्यामागची कथा हेच सांगते. नाताळच्या रात्री त्या इतक्या आजारी होत्या की त्यांना उठवेना, तेव्हा खोलीच्या भिंतीवर त्यांना मिस्सेचे दर्शन झाले. ते दर्शन अंथरुणावर खिळलेल्या बाईला मिळालेले होते.

परंतु तुम्ही टाळेबंदीचा उल्लेख केला आहे, आणि तो वाचून मी थांबलो. २७ मार्च २०२० च्या रात्री, आपल्याकडे साडेदहाच्या सुमारास, पावसात भिजणाऱ्या रिकाम्या सेंट पीटर्स चौकात फ्रान्सिस एकटे उभे राहिले आणि वादळात सापडलेल्या नावेचा मार्कच्या शुभवर्तमानातला उतारा वाचला गेला. पाचूबंदरपासून उत्तनपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर, जिथे नाव वेळेत परतली नाही तर आख्खा पाडा जागा राहतो, तिथे तो उतारा कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तुम्ही दोघांनी ती रात्र त्या खोलीत एकत्र पाहिली असेल. तेव्हा टीव्हीवरची मिस्सा ही तुमच्यासाठी केवळ सोय राहिलेली नाही. ती तुमच्या सहजीवनाची शेवटची काही वर्षे आहे, आणि तुम्ही त्या खुर्चीला का धरून बसला आहात हे मला समजते. मुलीलाही हे सांगा. ती टीव्हीवर रागावते, कारण त्याच्यामागे तिची आई आहे हे तिला कोणी सांगितलेले नाही. त्याच वर्षी १७ एप्रिलला फ्रान्सिस यांनी हेही बजावले होते की टाळेबंदीतील ही दुरून होणारी उपासना संकटातून बाहेर पडेपर्यंतची आहे, कारण ख्रिस्तसभा लोकांसह आणि संस्कारांसह असते.

म्हणून माझा सल्ला असा. रविवारच्या मिस्सेला लगेच त्याच बाकावर जाऊन बसण्याचा हट्ट धरू नका. आधी एखाद्या साध्या वारी पहाटेच्या मिस्सेला जा. तेव्हा माणसे थोडी असतात आणि कोणी विचारपूस करून अवघडवत नाही. गायकवृंदाच्या बाजूला किंवा मागे बसा. त्या मिस्सेसाठी पत्नीच्या नावाने हेतू द्या, म्हणजे वेदीवरून तिचे नाव उच्चारले जाईल आणि तुम्ही ते ऐकाल. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना असल्याने शेजारच्या घरांत रोजरी होत असेल. तिथे जा, आणि एक दिवस ती आपल्या घरी बोलवा. मयतानंतरच्या संध्याकाळी शेजारी रोजरीला आले, तेव्हा तुम्ही खुर्च्या मांडण्यात आणि चहाचे पाहण्यात गुंतला असाल. या वेळी ते काम दुसऱ्यांना करू द्या.

२ नोव्हेंबरला सर्व मृतांचा दिवस असतो. मृतांसाठी प्रार्थना करणे हे पवित्र आणि हिताचे कृत्य आहे, ही आपली फार जुनी श्रद्धा आहे; बायबलमधील मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात तिचा दाखला सापडतो. अनेक चर्चमध्ये त्या महिन्यात मृतांची नावे लिहून द्यायची पद्धत आहे. त्या कागदावर पत्नीचे पूर्ण नाव तुमच्या हस्ताक्षरात लिहा, आणि तिच्या खाली ‘विरारच्या दुर्घटनेतील १७ जण’ असेही लिहा. त्या दिवशी वाडीतली फुले घेऊन मुलगी आणि नातवंडांसह कबरेवर जा. तिथे रडू आले तर येऊ द्या. न आले तरी त्याची चौकशी करू नका.

टीव्ही घराबाहेर काढा असे मी सांगणार नाही. संध्याकाळचे एक बातमीपत्र पाहा आणि ते संपल्यावर बंद करा. त्या दिवशीच्या बातम्यांतले एक मरण निवडून त्या घरासाठी जपमाळेचे एक दशक, म्हणजे दहा प्रार्थनांचा एक भाग, म्हणा. सकाळची रिकामी वेळ मात्र प्रार्थनेवर सोपवून भरणार नाही, कारण तुम्ही आयुष्यभर सकाळी मुलांसमोर उभे राहिलेले शिक्षक आहात. धर्मग्रामात गरजू कुटुंबांना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची शाखा असेल तर तिच्या लोकांना विचारा. ज्या घरांत नुकतेच मयत झाले आहे आणि मुले दहावीला आहेत, अशी घरे त्यांना ठाऊक असतात. तिथे आठवड्यातून काही दिवस गणित शिकवायला जा.

आणि एक गोष्ट स्पष्ट विचारतो, कारण पत्रातल्या निराशेमागे ती असू शकेल. जेवणावरची वासना गेली असेल, रात्र रात्र झोप लागत नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे वाटत असेल, तर धर्मगुरूंशी बोलाच, पण डॉक्टरांनाही भेटा. टेलि-मानस ही शासनाची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे असे कोणी म्हटले तर त्याचे ऐकू नका. नोव्हेंबरच्या अखेरीस मला पुन्हा लिहा, आणि त्या पत्रात तुमच्या पत्नीबद्दल लिहा; या पत्रात तिच्या आजारपणापलीकडे आणि टाळेबंदीतल्या त्या आठवणीपलीकडे तिच्याविषयी एकही ओळ नाही, आणि ती कशी होती हे मला जाणून घ्यायचे आहे.